कान नसलेला कप

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला अमेरिकेचा इतिहास हा पेपर होता. तो शिकवायला कोणी तयार नव्हतं, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. इतिहास विभागात आम्ही दोघंच होतो. ज्येष्ठ सरांनी मराठे आणि मोगल स्वतःकडे ठेवले आणि मला म्हणाले, "तुम्ही नवीन आहात, लांबचं शिकवा." नव्या सुनेला लांबच्या विहिरीवर पाठवतात, तसंच हे होतं. मी मनात चडफडले.

हिंगोली तेव्हा नुकताच परभणीतून निघून वेगळा जिल्हा झाला होता. आमचं कॉलेज तालुक्याच्या गावी, पत्र्याच्या छपराचं; मी रोज हिंगोलीहून जा-ये करायचे. पोरं आसपासच्या खेड्यांतून एस.टी.नं किंवा जीपच्या मागे लटकून यायची. सोयाबीन काढणीला आलं की वर्ग ओस पडायचे. जी पोरं यायची त्यांच्या हातात पुस्तक नसायचं, गाईड असायचं. गुलामगिरी नष्ट होण्याची कारणं सहा, परिणाम पाच, शेवटी समारोप. कारणं त्यांना घडाघडा यायची. पण गुलाम सकाळी उठून काय करत असेल, असं विचारलं की सगळा वर्ग खाली बघायचा. मला या गाईडांचा मनस्वी राग होता. अजूनही आहे.

औरंगाबादला शिकत असताना विद्यापीठाच्या ग्रंथालयात अमेरिकेतून भेट आलेल्या जाड पुस्तकांचं एक कपाट मला सापडलं होतं. ते बहुधा माझ्याशिवाय कोणी उघडत नसावं. त्या पुस्तकांत जुने करार, कोर्टातल्या साक्षी, भाषणं आणि वर्तमानपत्रांतल्या जाहिराती जशाच्या तशा छापलेल्या होत्या. त्यात पळून गेलेल्या गुलामांना पकडून द्या, अशा मालकांनी दिलेल्या जाहिराती पुष्कळ होत्या; ओळखायची खूण म्हणून पाठीवरचे चाबकाचे वळसुद्धा त्यांत दिलेले असायचे. काहींच्या झेरॉक्स माझ्या ट्रंकेत पडून होत्या. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांचं मराठी केलं, हातानं प्रती लिहिल्या आणि संक्रांतीनंतर तो धडा आला तेव्हा बाकाबाकावर वाटल्या.

गाईड दप्तरात ठेवायला लावलं आणि फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. हे कोणी केलं? कोणासाठी केलं? आणि करणाऱ्याला सांगायचं नव्हतं असं यातून काय सांगितलं गेलं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लगेच आली. तिसऱ्यापाशी गाडी अडली. मग एक पोरगा चाचरत म्हणाला, "म्याडम, म्हैस हारपल्यावर आमी अशीच खूण सांगतो. शिंग कसं, डाग कुठं." वर्ग हसला. त्या हशातच पुढच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "पण म्हशीच्या पाठीवर वळ असले तर ते आपण सांगत न्हाई. लोक विचारतील ना, कोणी मारलं म्हणून. ह्या मालकानं तर छापून दिलं. म्हंजे त्याला कोणी विचारणारच नव्हतं."

मी खडू खाली ठेवला. इतक्या वर्षांच्या शिकवण्यात असा क्षण क्वचित आला. मला मनापासून आनंद झाला, आणि तो मी लपवला नाही. "बघा, ह्याला म्हणतात इतिहास," असं मी म्हणाले. ती लाजली नाही. तिनं मान हलवली, हे तिला आधीच माहीत असल्यासारखी.

ती वारंगा फाट्याच्या बाजूच्या एका खेड्यातून यायची. माझ्यासारखंच बौद्ध घर. फरक एवढाच, की माझे वडील हिंगोलीत सरकारी कचेरीत शिपाई होते आणि तिचा बाप हंगामात मळणी यंत्रावर आणि एरवी मिळेल त्या मजुरीवर जायचा. घरात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच. तिला बी.ए. व्हायचं होतं, मग बी.एड. करायचं होतं आणि मग शाळेत शिकवायचं होतं. हे ती कोणी विचारलं नाही तरी सांगायची. पोरी त्यावरून तिची चेष्टा करायच्या, तिला "बाई" म्हणायच्या. ती ओ द्यायची.

तिच्याच गावचा एक मुलगा मागच्या बाकावर बसायचा. त्यांच्या गावच्या एस.टी. थांब्यावर त्याच्या काकाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चहा, भजी आणि बरणीतली बिस्किटं. गावातलं मळणी यंत्रही काकाचं आणि फाट्याला जाणारी जीपही काकाची. मुलगा मवाळ होता, अक्षर मोत्यासारखं, वर्गात विचारल्याशिवाय बोलायचा नाही. त्याच्याविषयी माझं मत चांगलं होतं.

जाहिरातींच्या पुढच्या आठवड्यात मी सांगितलं, की आता आपल्या घरातून, गावातून एक वस्तू आणा आणि तिला हेच तीन प्रश्न विचारा. कागदच पाहिजे असं नाही. पोरांनी कायकाय आणलं! निजामाच्या वेळची नाणी आणली, धान्य मोजायची पायली आणली, आजोबांचा अंगरखा आणला. एकानं धोंडा आणला आणि तो हेमाडपंती देवळाचा आहे असं छातीठोक सांगितलं. मी उलटून पाहिला तर खाली सिमेंट. त्या दिवशी वर्ग खूप हसला, मीही हसले.

मग ती पुढे आली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू तिनं टेबलावर ठेवली आणि कागद काढला. पांढरा, जाड चिनीमातीचा कप होता. त्याला बशी नव्हती आणि कान नव्हता. जिथे कान असतो तिथे दोन खरखरीत खुंट होते.

"हा आमच्या गावच्या हाटेलातला," ती म्हणाली. "बाहेर, वळचणीला खिळ्यावर डबा टांगलेला हाय, त्यात असतो. माझा बाप यातच चहा पितो. चहा वरून ओततात. पिऊन झाला की बापानंच धुवायचा आन् डब्यात ठेवायचा."

पोरं खेड्यातली होती, त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. अर्ध्यांच्या घरचे अशाच डब्यातल्या कपातून प्यायचे, आणि उरलेल्या अर्ध्यांना आपल्या गावात तो डबा कुठे टांगला आहे हे ठाऊक होतं.

ती फळ्याकडे वळली. पहिल्या प्रश्नावर बोट ठेवून म्हणाली, "केला कारखान्यानं. तवा त्याला कान होता. पुना हाटेलवाल्यानं केला. म्हंजे कान तोडला." मी विचारलं, फुटला असेल, तोडला कशावरून? ती म्हणाली, "म्याडम, कप फुटला तर हाटेलवाला फेकून देतो. फुटका कप कोणी जपत न्हाई. हा जपलाय. कान काहून तोडला, तर न बघता नुसता हात लावला तरी कळावं, हा आतला न्हाई." मग तिसऱ्या प्रश्नावर बोट ठेवून म्हणाली, "आन् त्याला जे सांगायचं नव्हतं ते हे, का कान तोडल्याबिगर त्याला बी फरक कळत न्हाई."

मी आजवर परिसंवाद पुष्कळ ऐकले. याच्या तोडीचं वाक्य एकाही व्यासपीठावर ऐकलं नाही.

तेव्हा मागचा मुलगा उभा राहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "म्याडम, आमच्या हाटेलात आता असलं काही न्हाई. हा कप आमचा न्हाईच." एवढं बोलून तो खाली बसला. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. मी कप माझ्या कपाटात ठेवला, दुसऱ्या दिवशी या दोन साक्षींवर चर्चा घेऊ असं म्हणाले, आणि तास संपला.

ती चर्चा कधीच झाली नाही. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला बोलावलं. त्यांच्यासमोर पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ बसले होते. ते मुलाचे काका. पुतण्यानं घरी काय सांगितलं असेल ते असो, काकांची तक्रार चोरीची होती. आमच्या हॉटेलातला कप पोरीनं चोरला आणि तुमच्या मॅडमनी तो ठेवून घेतला, असं त्यांचं म्हणणं.

मी म्हणाले, "तुमचा पुतण्या तर काल म्हणाला, की कप तुमचा नाहीच."

"तो लेकरू हाय, त्याला काय कळतंय?"

"बरं, तुमचा आहे. मग असा कान नसलेला कप तुम्ही ठेवता कशाला?"

"तो त्यांचा असतो, म्याडम. त्यांच्यासाठी येगळा ठेवावा लागतो. जुनी रीत हाय."

"त्यांचा आहे ना? मग त्यांनी नेला तर चोरी कशी?"

प्राचार्यांनी घाईघाईनं शिपायाला चहा सांगितला. काका गेल्यावर ते मला म्हणाले, "मॅडम, अमेरिका लांब आहे, म्हणून तर ती अभ्यासक्रमात ठेवलीय. तुम्ही तिला वारंगा फाट्यावर कशाला आणता?" ते चेष्टेनं बोलत नव्हते. घाबरले होते. संस्थेच्या पुढच्या वर्गखोल्यांसाठी देणगी देणाऱ्यांत काकांचे सोयरे होते, हे मला नंतर कळलं.

वादात मी जिंकले होते. पण वाद जिंकल्यानं काय होतं, ते गावाकडे ठरत होतं. तिच्या बापाला मळणी यंत्रावरून काढलं. जीपवाला त्यांच्या वस्तीतल्या कोणालाच जीपमध्ये घेईना. ती सकाळी थांब्यावर आली की हॉटेलाच्या बाकड्यावरची पोरं मोठ्यानं म्हणायची, "कपचोर आली, कपबश्या आत घ्या." एस.टी. थांबायची ती बरोबर हॉटेलासमोर. दुसरा रस्ता नव्हता. आठवडाभर तिनं ते ऐकून घेतलं. मग एकानं तिचं दप्तर ओढून रस्त्यावर फेकलं, आणि त्यानंतर ती कॉलेजात आली नाही. विद्यापीठाची परीक्षा तोंडावर आली होती. ही परीक्षा बुडाली की वर्ष जाणार, आणि वर्ष गेलं की त्या घरात पुन्हा फी भरून कोणी तिला पाठवणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. तिलाही दिसत असणार.

एका दुपारी तिचा बाप कॉलेजात आला. अंगानं किडकिडीत, सदऱ्याची वरची बटणं लावलेली. "जय भीम, बाई," म्हणाला आणि खुर्ची दिली तरी कडेला टेकूनच बसला.

"कप द्या," तो म्हणाला. "वापस ठिवला तर मालक मिटवतो म्हनतो. पोरीला कोनी काही बोलनार न्हाई. तिची परीक्षा व्हईल."

मी त्याला सगळं सांगितलं. हा गुन्हा आहे, कायदा आपल्या बाजूनं आहे, मी स्वतः साक्ष देईन, ठाण्यात मी बरोबर येते. तो ऐकत होता. माझं झाल्यावर म्हणाला, "ठान्यात जायाला बी त्याच थांब्यावरून यस्टी धरा लागते, बाई. तुमी साक्ष देऊन हिंगोलीला जासाल. आमाला रोज तिथंच उतरायचं हाय."

मग मी म्हणाले, पोरीला परीक्षा होईपर्यंत माझ्याकडे ठेवा. त्यानं मान हलवली. "गाव म्हनंल चोरी करून पळाली. तिचं नाव खराब व्हईल." मी तरी अडून राहिले. तो कप म्हणजे पुरावा आहे, म्हणाले. तेव्हा पहिल्यांदा त्यानं माझ्या डोळ्यांत पाहिलं. "पुरावा तुमचा असंल, बाई. कप माझा हाय. लग्नाच्या आधीपासून म्या त्यातच पिऊन राहिलो."

मी कपाट उघडलं. पण त्याला एकट्याला जाऊ द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं. कप माझ्या पिशवीत घेतला आणि त्याच्याबरोबर एस.टी.त बसले.

हॉटेलाच्या बाकड्यावर माणसं होती. आम्ही येणार हे गावाला माहीत होतं. काका उठून उभे राहिले, माझ्यासाठी आतली खुर्ची फडक्यानं पुसली आणि म्हणाले, "या म्याडम, आत या." माझं आडनाव त्यांना माहीत होतं, माझं घर कोणतं हेही त्यांनी नक्की काढलं असणार. पण पगारदार माणसाला जात जरा उशिरानं चिकटते. मी दारातच उभी राहिले. त्यांनी काचेच्या स्वच्छ ग्लासात माझ्यासाठी चहा आणवला.

"मी चहा पीत नाही," असं मी सांगितलं. कॉलेजात माझ्या चहाच्या व्यसनावर विनोद व्हायचे.

काकांनी आग्रह केला नाही. ते बापाकडे वळले. "ठिव जागेवर." बापानं माझ्या हातातून कप घेतला, नळावर धुतला आणि वळचणीच्या डब्यात ठेवला. मला वाटलं, संपलं. पण काका बाकड्याकडे बघून म्हणाले, "आरे, इतक्या दिसानं आलाय. चहा पिल्याबिगर कसा जाईल?" कोणीतरी हसलं. बापानं डब्यातून कप पुन्हा काढला आणि दोन्ही हातांत धरून पुढे केला. वरून चहा ओतला गेला. कान नसल्यामुळे तो कप तापला की बोटं भाजतात, हे मला तोवर सुचलंही नव्हतं. त्यानं तो खाली ठेवला नाही. उकिडवा बसून, सगळे बघत असताना, तो शेवटच्या घोटापर्यंत चहा प्याला. मग कप धुतला आणि जागेवर ठेवला.

माझ्या डोक्यात इतका संताप होता की मला समोरचं नीट दिसेना. ती चूल लाथाडावी असं वाटलं. मी काही केलं नाही, कारण तो माणूस कप धुताना माझ्याकडे बघत होता आणि नुसत्या मानेनं मला नको, नको म्हणत होता. परतीच्या एस.टी.त मी खिडकीकडे तोंड करून रडले.

काकांनी शब्द पाळला. बाप पुन्हा यंत्रावर लागला. थांब्यावरची पोरं गप्प झाली. तरी ती कॉलेजात येईना. परीक्षेची हॉल तिकिटं आली, तेव्हा तिचं घेऊन मीच वस्तीवर गेले.

ती अंगणात तुरीच्या शेंगा निवडत होती. मला बघून उठली, पाणी दिलं, आतून सतरंजी आणून अंथरली. मी हॉल तिकीट पुढे केलं. तिनं ते घेतलं, त्यावरचा आपला फोटो पाहिला आणि सतरंजीवर ठेवलं.

"मी न्हाई देनार परीक्षा, म्याडम."

"वेडी आहेस का? रस्ता मोकळा झालाय आता."

"कसा मोकळा झाला ते सगळं गाव सांगून राहिलं मला. वस्तीतली बारकी पोरं उकिडवं बसून तसा चहा पिऊन दाखवतात. मी त्या थांब्यावरून पेपरला गेले तर लोक म्हणतील, बापानं पिला म्हणून हिला जाता आलं."

"मग माझ्याकडे चल. आत्ता चल. तिथून दे."

"तरी त्या चहावरच दिली म्हनावं लागंल ना? बी.ए. झाले, बाई झाले, तरी पोरांसमोर उभी राहिले का मला तेच दिसंल."

बाप दारात येऊन उभा होता. तो म्हणाला, "आगं, तुझ्यापायीच पिलो ना म्या? नसती परीक्षा तर काहून पिलो असतो?"

"मी सांगितलं व्हतं का तुमाला?" ती म्हणाली. बापाशी ती पूर्वी कधी अशी बोलली नसणार, कारण आतून तिची आई धावत आली. बाप अंगणातून बाहेर पडला आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिला. मी तिला समजावलं, रागावले, शेवटी हात जोडले. ती शेंगा निवडत राहिली. ती चुकत होती असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. पण तिला चूक ठरवताना मला काकांचीच बाजू घेतल्यासारखं होतं, म्हणून मी ते कधी कोणाला बोलून दाखवत नाही.

अमेरिकेच्या पेपरला पर्यवेक्षक म्हणून मला उभं केलं. आपल्या विषयाला आपण नसावं असा नियम आहे, पण आमच्याकडे नियम जास्त आणि माणसं कमी. हॉल तिकीट तिच्याकडेच होतं. येईल, शेवटच्या एस.टी.नं का होईना येईल, अशी मला वेडी आशा होती. खिडकीजवळच्या बाकावर तिचा नंबर खडूनं लिहिलेला होता. अर्ध्या तासानं दार लावायचं असतं. मी ते जरा उशिरा लावलं, आणि लाल पेनानं तिच्या नंबरापुढे गैरहजर लिहिलं.

प्रश्नपत्रिकेत गुलामगिरीच्या निर्मूलनावर मोठा प्रश्न होता. हॉटेलवाल्याचा पुतण्या तिच्या मागच्याच रांगेत बसला होता. सुरुवातीला त्यानं त्या रिकाम्या बाकाकडे एकदा पाहिलं, मग मान खाली घातली आणि लिहू लागला. मोत्यासारखं अक्षर, एक खाडाखोड नाही. मी रांगांमधून फिरत होते. घंटा व्हायला बराच वेळ होता, तेव्हा त्यानं हात वर केला.

"म्याडम, पुरवणी."

मी पुरवणी दिली, नियमाप्रमाणे तिच्यावर सही केली. त्यानं ती दोऱ्यानं उत्तरपत्रिकेला बांधली आणि पुढे लिहायला लागला.